कॉलेजचं नाव बघून सीव्ही बाजूला टाकतात का? नाशिकच्या कंपनीवाल्यांनो खरं सांगा

द्राक्षवाल्याचा_पोरगा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलंय त्याबद्दल सॉरी.

मी मेकॅनिकल, बीईचं शेवटचं सेम. कॉलेज नाशिकपासनं पंचवीस-तीस किलोमीटर बाहेर, नाव नाही सांगत कारण टीसी आणि मार्कशीट अजून त्यांच्याकडनंच घ्यायचीय. विद्यापीठ सावित्रीबाई फुले पुणे, म्हणजे पुण्यातल्या पोरांच्या डिग्रीवर जे नाव तेच माझ्या डिग्रीवर. सीजीपीए ७.४, एसईला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) राहिला होता तो पुढच्याच अटेम्प्टला काढला, आता बॅकलॉग एकही नाही.

प्रॉब्लेम असा की कॅम्पसला वर्षभरात तीन कंपन्या आल्या. एक इन्शुरन्स विकायला पोरं हवी होती, एक कॉल सेंटर टाइप, आणि एक खरी मेकॅनिकलची, तिने ऐंशी पोरांतनं दोघं उचलले. मी तिसऱ्या नंबरला असेन अशी स्वतःची समजूत घालून घेतलीय. मग बाहेर अप्लाय करायला लागलो. पुण्यातल्या एका कंपनीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये कॉलेज निवडायची यादी होती, पुण्याची, मुंबईची, सांगलीची, नागपूरची, नाशिकमधलीपण दोन-तीन. आमचं नव्हतंच. सगळ्यात खाली 'इतर'. चार वर्षं फी भरून आपण 'इतर'मध्ये शिकलो हे तेव्हा कळलं. दुसऱ्या एका ठिकाणच्या मॅडम फोनवर चांगल्या बोलत होत्या, प्रोजेक्ट विचारला, मग कॉलेज विचारलं, मी सांगितलं, त्यांनी दोनदा विचारलं हे कुठे आलं, आणि मग 'कळवतो'. त्याला तीन आठवडे झाले.

घरी वेगळंच चालूय. सिडकोतले मामा दर रविवारी येतात आणि चहा संपायच्या आत म्हणतात, तेव्हाच सांगत होतो पुण्याला घाला. कॅप राउंडला, म्हणजे प्रवेशाच्या सरकारी फेरीत, मला पुण्याचं एक बरं कॉलेज लागत होतं, खोटं कशाला बोलू, पण त्या साली ऐन काढणीत अवकाळी पडला, मणी तडकले, व्यापाऱ्याने सौदा मोडला, हॉस्टेल आणि मेसचे पैसे आणायचे कुठनं. मी पप्पांना त्यावरनं कधी एक शब्द बोललो नाही. पण मामांनी विषय काढला की पप्पा उठून ओट्यावर जाऊन बसतात, ते बघवत नाही.

तर प्रश्न दोन. कंपनीवाले कॉलेज किती बघतात आणि किती वर्षं बघतात? आणि आत्ता नाशिकच्याच अंबड एमआयडीसीत एका व्हेंडरकडे (मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवणारा) महिना १४ हजारावर मिळतंय ते धरू, का एमबीए नाहीतर एमटेक करून मोठ्या कॉलेजचा शिक्का मारून घेऊ? मन राखायला बोलू नका, जे आहे ते सांगा.

मिसळ_४२२

चार वर्षं कॉलेज रोडला टपरीवर बसायचं आणि मग कॉलेजला नावं ठेवायची. ७.४ वाल्याला कोण विचारतो भाऊ.

द्राक्षवाल्याचा_पोरगा

कॉलेज रोड आमच्यापासनं दीड तास आहे दादा. एसटीने.

हिंजवडीत_अडकलेला

मी नाशिकरोडचा, आठ वर्षं झाली पुण्यात आयटीत. सगळे येऊन सांगतील की कॉलेजने काही फरक पडत नाही, स्किल महत्त्वाचं, त्यातले निम्मे स्वतः मोठ्या कॉलेजातले असतात. फरक पडतो. पहिल्या नोकरीला तर दणकून पडतो.

कसा पडतो ते बघ. कंपनी कॅम्पसला जाते तेव्हा तिला दोन दिवसांत पन्नास पोरं हवी असतात. पुण्याच्या सीओईपी नाहीतर मुंबईच्या व्हीजेटीआयसारख्या नावाजलेल्या कॉलेजला गेलं की प्रवेशाच्या सीईटीने आधीच पोरं चाळून ठेवलेली असतात, कंपनीचं काम निम्मं झालेलं. तिथे चार वर्षं काय शिकवलं हे कंपनीला माहीत नसतं आणि त्याच्याशी देणंघेणंपण नसतं, ती बारावीनंतरची रांग विकत घेते. तुझ्या कॉलेजात एखादा त्यांच्या तोडीचा पोरगा असतो, नाही असं नाही, पण त्याच्यासाठी नाशिकच्या पुढे तीस किलोमीटर गाडी कोण पाठवणार.

आणि कॉलेजचं नाव म्हणजे नुसता कागदावरचा शिक्का नसतो, सीनियर लोकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतो. आमच्या टीममध्ये जागा निघाली की जाहिरात लागायच्या आत तीन जणांचे सीव्ही आलेले असतात, तिघंही मॅनेजरच्या कॉलेजचे. यात कोणी बदमाशी करत नाही, ओळखीचं माणूस बरं वाटतं एवढंच.

मी स्वतः साध्या कॉलेजचा. टीसीएसची एनक्यूटी ही भरतीची परीक्षा कुठल्याही कॉलेजच्या पोराला देता येते, अशा ओपन परीक्षांतनंच आमच्यासारखे आत शिरतात. फक्त तिथे दहावी, बारावी, डिग्री सगळीकडे ६० टक्के लागतात, ती अट कॉलेजपेक्षा जास्त पोरं मारते. तीन वर्षांनी कंपनी बदलली तेव्हा दोन तासांच्या इंटरव्ह्यूत कॉलेज एकदाही निघालं नाही, मी मागच्या प्रोजेक्टला काय केलं तेच खणत बसले होते.

अंबड_लिंक_रोड

उशिरा बघितला धागा. मी अंबडला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत एचआरला आहे, अकरा वर्षं झाली, कंपनी मोठी नाही, तीनशे-साडेतीनशे माणूस. पडद्यामागे काय चालतं ते सांगतो, नंतर शिव्या घालायच्या तर घाला.

मागच्या वर्षी आम्हाला चार ट्रेनी इंजिनिअर हवे होते. सहाशेच्या वर सीव्ही आले. एचआरला माणसं दोन, त्यातली एक मॅडम पगार आणि पीएफ बघते, म्हणजे उरलो मी. सहाशे सीव्ही वाचणारा माणूस मी अजून बघितलेला नाही. एक्सेलला टाकायचे आणि फिल्टर लावायचा. पहिला फिल्टर बॅकलॉग, दुसरा पर्सेंटेज, तिसरा कॉलेज, आणि चौथा जो तुम्हाला कोणी सांगणार नाही तो म्हणजे पत्ता.

हो, पत्ता. आम्ही एका वर्षी पुण्याच्या नामांकित कॉलेजची तीन पोरं घेतली होती, हुशार होती, काही वाद नाही. आठ महिन्यांत तिघंही गेली. एकाने तर नोटीस पिरियडपण केला नाही, शुक्रवारी संध्याकाळी गेला तो सोमवारी आलाच नाही. ट्रेनीवर सहा महिने शिकवण्यात जातात, कुठे कामाला येतो तोवर हा उडालेला. त्यानंतर आमच्या साहेबांनी सांगितलं, सातपूर, सिडको, पंचवटी, सिन्नर, निफाड, दिंडोरी इथली पोरं आधी बघा. म्हणजे तुझं जे कॉलेज पुण्यात 'इतर' आहे ते अंबडला आल्यावर 'जवळचं' होतं. हे न्याय्य आहे का, तर नाही, पुण्याचा एखादा पोरगा टिकलाही असता. पण आमच्या फिल्टरला न्याय वगैरे कळत नाही, तो वेळ वाचवायला असतो.

कॉलेजचा फिल्टर कसा ठरतो तेही ऐक. मी लागलो तेव्हा आधीच्या एचआरने बनवलेली बारा कॉलेजांची यादी मला मिळाली. ही बाराच का, कोणालाच माहीत नव्हतं. पुढे कळलं की त्यातली चार जुन्या प्रोडक्शन मॅनेजरने घातली होती, दोन त्याच्या भावाच्या आणि साडूच्या कॉलेजची. ती यादी मी चार वर्षं वापरली, एकदाही कोणाला विचारलं नाही. आता वापरत नाही, पण चार वर्षं वापरली हे कबूल.

आता फिल्टरच्या पुढे काय होतं ते. आमचे प्लांट हेड इंटरव्ह्यूला टेबलावर एक टर्न केलेला शाफ्ट, म्हणजे लेथवर कातलेला गोल दांडा, ठेवतात, त्याचं ड्रॉइंग ठेवतात आणि मोजायला एक व्हर्नियर. ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं व्यास २५ एच-७, एच लहान लिपीतला. पोराला सांगतात, बघ रे हा जॉब ओके आहे का. नव्वद टक्के पोरं लगेच व्हर्नियर उचलून मोजायला लागतात आणि आत्मविश्वासाने सांगतात, सर २४.९८, ओके. साहेब काही बोलत नाहीत, थँक यू म्हणतात. २५ एच-७ म्हणजे वरची मर्यादा २५ आणि खालची २४.९७९, सगळी मिळून टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी सूट, ०.०२१ मिलिमीटर. आणि व्हर्नियरचा लीस्ट काउंटच, म्हणजे त्याला मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२. त्याने हा जॉब मोजायचा म्हणजे फूटपट्टीने केस मोजण्यासारखं. जो पोरगा व्हर्नियर खाली ठेवून म्हणतो की सर याने नाही जमणार, त्याहून बारीक मोजणारा मायक्रोमीटर द्या, तो पास. मागच्या खेपेला असं दोघंच म्हणाले. एक सरकारी पॉलिटेक्निक करून डिग्रीला आलेला, दुसऱ्याचं कॉलेज मला गुगलवर शोधायला लागलं होतं. यादीतल्या कॉलेजचे नऊ होते, त्यातलं कोणी नाही म्हणालं.

यावरनं मोठी कॉलेजं वाईट असं म्हणायचं नाही. पण त्या टेबलापर्यंत पोचायला नाव लागतं आणि टेबलावर नाव चालत नाही, मी तरी एवढंच बघितलंय. टेबलापर्यंत पोचायचा दुसरा रस्ता म्हणजे कोणीतरी आतला माणूस सीव्ही हातात आणून देतो, तो मी फिल्टरला टाकतच नाही, आधी वाचतो.

एमबीएचं म्हणशील तर तुझ्याच लेव्हलच्या कॉलेजातनं एमबीए केलंस तर दोन वर्षांनी परत त्याच यादीत 'इतर'वर टिक करशील, वरनं फीचं कर्ज.

मिसळ_४२२

व्हर्नियरचं माहीत नव्हतं राव. मी बीकॉम आहे म्हणा.

क्वालिटीवाली

अंबडवाल्या सरांचं बरोबर आहे, फक्त एक बाजू राहिली. मी गोंदेला क्वालिटीत आहे, डिप्लोमा मेकॅनिकल, नंतर नोकरी करता करता डिग्री. आमच्या बॅचला मेकॅनिकलला मुली सहा. मला आजवर जितके इंटरव्ह्यू झाले त्यात कॉलेजवर मिनिटभर बोलणं आणि उरलेला वेळ लग्न कधी, सासर कुठलं असणार, सेकंड शिफ्ट जमेल का, घरचे पाठवतील का. एका ठिकाणी तर साहेबांनी माझा सीव्ही उघडलाच नव्हता, फाइल तशीच बंद, वर पेन ठेवलेलं. मी विचारलं सर रात्री सुटल्यावर बस आहे का, तर म्हणाले ते बघू नंतर. बस नव्हतीच. तेव्हा कुठे नाव चालतं कुठे नाही हे तुम्ही मुलं बोलता, आमच्याकडे त्याच्या आधीच फाटक लागतं.

असो. माझं काम अप्रेंटिसने केलं. भावा, तू पास होतोयस तर एनएटीएसच्या, म्हणजे सरकारच्या अप्रेंटिस योजनेच्या, पोर्टलवर नाव टाक, ग्रॅज्युएट अप्रेंटिस म्हणून एक वर्ष मिळतं. ओझरला एचएएल, ती विमानं बनवणारी सरकारी कंपनी, घेते, बाकी मोठ्या कंपन्याही घेतात, आणि तिथे निवड बरीचशी मार्कांवर होते. स्टायपेंड फार नसतो, २०१९ च्या नियमात पदवीधराला किमान ९ हजार धरले होते, तुझ्या १४ पेक्षा कमीच. पण वर्षभराने सीव्हीवर पहिली ओळ कॉलेजची राहत नाही, त्या कंपनीची येते. मला पुढच्या कंपनीने फोन केला तो तेवढी ओळ बघूनच. फक्त लिहून ठेव, वर्ष संपलं की कायम करतीलच असं नाही, कायद्याने त्यांच्यावर तसं बंधन नाही. आमच्या वेळचे कितीतरी जण त्या आशेवर थांबले आणि मग रुसले.

आणि १४ हजारवाल्याकडे जाणार असशील तर आधी विचार की कंपनीच्या रोलवर घेणार का कॉन्ट्रॅक्टरच्या. पीएफ कापणार का. ऑफर लेटर कागदावर देणार का. दोन वर्षं राबून अनुभवाचा कागदच मिळाला नाही अशा दोघी माझ्या ओळखीत आहेत.

गोदाकाठ

सरकारी बाजूचं कोणी बोललं नाही म्हणून. एमपीएससीला, बँकेला, तलाठ्याला जाहिरातीत एवढंच असतं, मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी. कॉलेज कुठलं, किती मजल्यांचं, कोणी विचारत नाही. माझ्या धाकट्या भावाने दुकान सांभाळत मुक्त विद्यापीठातनं बीए केलं, आपलं गंगापूर धरणाकडचं यशवंतराव चव्हाण, १९८९ चं, आणि आज सरकारी खात्यात क्लार्क आहे. गल्लीतले लोक आधी हसायचे की ही काय डिग्री आहे. यूजीसीने २०२२ साली परत स्पष्टपण केलं की मान्यता असलेली दूरशिक्षणाची डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची.

मेकॅनिकलवाल्याला तर गेट आहे, इंजिनिअरिंगवाल्यांची देशपातळीवरची परीक्षा. कितीतरी सरकारी कंपन्या गेटच्या स्कोअरवर घेतात, आणि त्याच स्कोअरवर चांगल्या कॉलेजला एमटेकपण मिळतं, वरनं महिन्याला १२,४०० स्टायपेंड. शिक्काच हवा असेल तर हा फुकटातला रस्ता आहे. अवघड आहे, पण पैसे मागत नाही.

हिंजवडीत_अडकलेला

गेट करून एमटेकचं खरंय, पण एक सांगून ठेवतो, काही कंपन्या एमटेकवाल्यालापण बीई कुठनं ते विचारतात. माझा रूममेट एनआयटीचा एमटेक, त्याला विचारलं होतं. तो म्हणायचा, कॉलेज बदललं तरी आडनावासारखं चिकटून येतं.

श्टुटगार्टचा_सातपूरकर

बाहेर जायचा विचार करणाऱ्यांसाठी थोडं. इथे जर्मनीत माझ्या कॉलेजचं नाव कोणालाही माहीत नाही आणि आयआयटीचंही अर्ध्यांना माहीत नाही, त्यामुळे सगळे सारखेच 'इतर'. मजा आहे. इथे आनाबिन म्हणून सरकारी यादी आहे, त्यात तुमचं विद्यापीठ एच-प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त, आहे का आणि डिग्री इथल्या बरोबरीची धरतात का ते तपासतात, कॉलेज नाही. म्हणून डिग्रीवर विद्यापीठाचं नाव असतं ते इथे कामाला येतं.

आणि अॅडमिशनवाल्यांनी नॅक आणि एनबीए या दोन दर्जाच्या मान्यतांचा घोळ घालू नका. नॅक अख्ख्या कॉलेजला मिळतं, एनबीए एकेका कोर्सला. गेटवर 'एनबीए मान्यताप्राप्त' बोर्ड असतो आणि मान्यता असते फक्त कॉम्प्युटरला, मेकॅनिकलवाला उगाच खूश. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन करारात, म्हणजे इंजिनिअरिंगच्या डिग्र्या एकमेकांच्या देशात मानायच्या करारात, आला, पण त्याचा फायदा टियर-वन कोर्सलाच, म्हणजे जी कॉलेजं ऑटोनॉमस आहेत किंवा स्वतः विद्यापीठ आहेत तिथले एनबीएवाले कोर्स. साध्या संलग्न कॉलेजचं एनबीए त्यात धरत नाहीत. ऑस्ट्रेलिया, कॅनडाला जाणाऱ्यांनी हे आधी बघावं, आमच्या बॅचच्या एकाला व्हिसाचे कागद करताना कळलं.

द्राक्षवाल्याचा_पोरगा

सगळ्यांचे खूप आभार, खरंच. काल रात्री अंबडवाल्या सरांचं दोनदा वाचलं. आणि कबूल करतो, मीपण व्हर्नियर उचलून २४.९८ ओकेच म्हणालो असतो. आम्हाला मेट्रॉलॉजी, म्हणजे मोजमापाचा विषय, होता, प्रॅक्टिकलला सहा जणांत एक मायक्रोमीटर आणि तो धरायला मिळायचा एकालाच, बाकीचे जर्नलमध्ये रीडिंग उतरवून घ्यायचे. मी उतरवणाऱ्यातला.

ताई, व्हेंडरला फोन करून विचारलं तुम्ही सांगितलं ते. रोलवर नाही, कॉन्ट्रॅक्टरकडनं, आणि पीएफचं विचारल्यावर म्हणे 'आधी ये तर खरं'. एनएटीएसला रजिस्टर केलं रात्रीच, फोटो अपलोड होईना म्हणून दोन वाजले. अंबडवाले सर, सीव्ही कसा असावा एवढं सांगाल का? हॉबीज, डिक्लरेशन वगैरे धरून माझा तीन पानांचा झालाय.

अंबड_लिंक_रोड

तीन पानं कशाची रे, लग्नाचा बायोडाटा आहे का. एक पान कर. हॉबीजमधलं 'लिसनिंग टू म्युझिक' काढ, ते सहाशेतल्या चारशेंत होतं. वडिलांचं नाव, धर्म, जन्मवेळ असलं काही असेल तर तेपण काढ, हसू नकोस, येतं. प्रोजेक्ट दोन ओळींत, तू स्वतः काय केलंस ते, टीमने काय केलं ते नको. आणि पत्ता मात्र पूर्ण लिही, गावासकट, कारण मघाशी सांगितलंय. झाला की इथल्या मेसेजमध्ये टाक, नोकरीचा शब्द देत नाही, पण वाचून सांगतो.

क्वालिटीवाली

सर, आमच्यासारख्यांच्या सीव्हीलापण तुम्ही पत्त्याचाच फिल्टर लावता का शिफ्टचा वेगळा आहे?

अंबड_लिंक_रोड

ताई, खरं सांगू का, शॉप फ्लोअरच्या जागांना मागच्या वर्षीपर्यंत मुलींचे सीव्ही मी वेगळ्या फोल्डरला टाकायचो, 'नंतर बघू' म्हणून. बस नाही आमची सेकंड शिफ्टला. तुम्ही म्हणता तेच.

द्राक्षवाल्याचा_पोरगा

अपडेट. आज लॅबला गेलो, सरांना म्हटलं सबमिशन झालंय, पण एक दिवस मायक्रोमीटर वापरायला द्या. सर बघतच राहिले, म्हणाले चार वर्षांत पहिल्यांदा कोणी मागितला. मग कपाटाची चावी सापडेना. शिपाईकाका दुपारी आले, पेटी उघडली तर २५ ते ५० चा निघाला, ० ते २५ चा कोणीतरी नेलाय तो आणलाच नाही. म्हटलं चालेल, २५ च्या पुढचे जॉब मोजतो. रजिस्टरवर सही घेतली, पाच वाजेपर्यंत परत द्यायचाय, आता साडेतीन झालेत.